पाण्याविना द्वीप

मिसरोदहून इटारसीच्या बाजूला निघालेली गाडी पुढच्याच स्थानकात थांबते. त्या स्थानकाचे नाव मंडीदीप. कारखान्यांच्या वसाहतीमुळे ते गाव आज सर्वांस ठाऊक आहे. परंतु नावातील 'दीप' कोठून आला, हा प्रश्न त्या फलाटावर उतरणाऱ्यांपैकी क्वचितच कोणास पडत असेल. हा दीप म्हणजे दिवा नव्हे, ते 'द्वीप' आहे, अशी या भागातील जुनी समजूत आहे. समुद्र शेकडो मैल दूर, दोहों बाजूंस सोयाबीनची शेते, आणि मध्ये हे द्वीप! त्याच मार्गाने पुढे गेले म्हणजे नर्मदेच्या काठी होशंगाबाद लागते. २०२२ साली त्याचे नाव नर्मदापुरम झाले. माळव्याच्या ज्या सुलतानावरून ते जुने नाव पडले होते, त्या होशंगशहानेच या द्वीपाभोवतीचे पाणी वाहून जाऊ दिले, असे सांगतात. मिसरोद व मंडीदीप यांच्या दरम्यान रस्त्याला आडवी येणारी नदी कलियासोत. तिला एका गोंडाचे नाव मिळाले आहे. एका नाहीशा झालेल्या तळ्याच्या जन्माची व मरणाची हकीकत अशी ठिकाणांच्या नावांतून विखुरलेली आहे, आणि ती वाचण्याचा योग प्रस्तुत लेखकास गेल्या भाद्रपदात एका सहलीच्या निमित्ताने आला.

सहल साधीच होती. मिसरोदला सकाळी जमायचे, बसने भोजपूर, आशापुरी व भीमबेटका पाहून सायंकाळी परत यायचे. मंडळी तीस-पस्तीस, बहुतेक अध्यापनाच्या व्यवसायातली. बरोबर भोजपूरच्या बाजूच्याच एका खेड्यातला वाटाड्या घेतला होता. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सारे त्यांना बाई म्हणतात. बाई नुकत्याच क्रीट बेटाची सहल करून आल्या होत्या, आणि बस अकरा मैलांच्या चौकातून भोजपूरकडे वळली तेव्हा त्यांनी जे विधान केले, ते दिवसभर माझ्या मनात राहिले. त्या म्हणाल्या, "तिकडे सगळं कसं जिथल्या तिथे मांडलेलं असतं हो. राणीचं दालन, राजाचं आसन, धान्याचे रांजण. आपल्याकडे मात्र चार दगड दाखवतात आणि गोष्ट सांगतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु ते पुरतेपणी खरे आहे काय?

क्रीटमधील क्नोसॉस येथे मिनोस कालोकायरिनोस नावाच्या तेथील रहिवाशाने १८७८ साली प्रथम काही चर खणले. पुढे १९०० सालच्या मार्चात आर्थर एव्हान्स यांनी तेथे विस्तृत उत्खननास आरंभ केला. ढासळू पाहणाऱ्या भिंती सावरण्यासाठी त्यांनी सिमेंटचा व लोखंडी सळयांचा आधार घेतला, आणि आधार देता देता ते पुनर्रचनेकडे वळले. आज प्रवाशास जे लाल खांब व मजल्यांवर चढत जाणारे जिने दिसतात, त्यांतील बराच भाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. सारे जिथल्या तिथे दिसते, कारण कोणी तरी ते तसे मांडले आहे. मार्गदर्शक मिनोस राजाची, चक्रव्यूहाची आणि त्यात कोंडलेल्या बैलमुखी राक्षसाची कथा सांगतो. तेथेच सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरील लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली, तेव्हा त्यांतून राक्षस निघाला नाही. मेंढरांच्या मोजदादी, लोकरीचे व तेलाचे हिशेब निघाले. वाटाड्यांची ही रीत आजकालची नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेला प्लुटार्क डेल्फी येथील वाटाड्यांविषयी तक्रार करतो, की आम्ही कितीही विनवले तरी ते आपले ठरलेले भाषण आवरते घेत नाहीत आणि एकही शिलालेख सोडीत नाहीत. दोन हजार वर्षांनी आमच्या बसमध्ये पुढच्या बाकाशी उभा असलेला गृहस्थ ऐकताना मला त्या ग्रंथकाराविषयी बंधुभाव वाटला, हे कबूल केले पाहिजे.

मराठी वाचकाला मात्र या बाबतीत एक अभिमानाची जागा आहे. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले वा बसले, ती स्थाने महानुभावांनी चौदाव्या शतकात 'स्थानपोथी'त नोंदवून ठेवली. हे देऊळ कोणत्या दिशेला, दार कोणीकडे तोंड करून, उजवीकडे काय, डावीकडे काय, असा तिचा कोरडा, नेमका घाट आहे. श्रद्धेने लिहिलेल्या ग्रंथात चमत्कारांना जागा द्यावी आणि स्थळवर्णनात मात्र दिशा चुकू देऊ नये, हा विवेक मला मोठा वाटतो. आमचा वाटाड्या स्थानपोथीच्या परंपरेतला नव्हता. परंतु त्याच्याजवळ वेगळ्याच प्रकारची एक पोथी होती, हे पुढे कळले.

भोजपूरच्या टेकडीवर पोहोचताच त्याने आरंभ केला तो पांडवांपासून. कुंतीला शिवपूजा करावयाची होती. भीमाने एका रात्रीत देऊळ उभारावयास घेतले. कोंबडा आरवला आणि शिखर राहिले ते राहिलेच. आमच्यातील इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी यावर जे स्मित केले, ते मला थोडे अनाठायी वाटले. देऊळ पाहिल्यावर ते मानवाचे काम नव्हे, असे वाटणे ही निव्वळ भाबडेपणाची गोष्ट नाही. ज्या जोत्यावर ते उभे आहे तेच सुमारे ११५ फूट लांब, ८२ फूट रुंद व १३ फूट उंच आहे. दरवाजा ३३ फुटांचा. आत चार प्रचंड खांब, प्रत्येक सुमारे ४० फूट उंच. आणि मध्ये एकावर एक रचलेल्या शिळांच्या बैठकीवर साडेसात फूट उंचीचे, जवळजवळ १८ फूट घेराचे लिंग. छत शतकानुशतके उघडे होते. २००६–०७च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने डागडुजी केली, तेव्हा ते एका हलक्या कृत्रिम आवरणाने झाकले. एव्हान्सचे काँक्रीट आणि हे आवरण यांत फरक असा, की येथे कोणी शिखर कल्पून वर चढविले नाही. जे अपुरे होते ते अपुरेच ठेवले, आणि मला ते योग्य वाटते.

अपुरेपणामुळेच भोजपूरला एक असे वैभव लाभले आहे, जे पूर्ण झालेल्या देवळांना नाही. देवळाच्या मागील बाजूस दगड वर चढविण्यासाठी घातलेला मातीचा उतार अद्याप तसाच आहे. काम संपते तर तो काढून टाकला गेला असता. भोवतालच्या खाणींत अर्धवट घडविलेले दगड पडले आहेत, आणि खडकाच्या सपाट पाठीवर शिल्पकारांनी कोरून काढलेल्या आकृती आहेत: खांबांचे छेद, शिरोभाग, देवळांचे तलविन्यास, कधीही न बांधल्या गेलेल्या शिखरांच्या रेषा. रात्री पाऊस पडून गेला होता. उथळ रेषांत पाणी साचले होते, आणि एरवी वाकून पाहिल्याखेरीज न दिसणारी एक आकृती उभ्याउभ्या दिसत होती. बाई बराच वेळ तेथेच थांबल्या. "हे तर फळ्यावर काढल्यासारखं आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

या रेषांचा अर्थ लावावयास भोजाच्या नावावर असलेल्या 'समराङ्गणसूत्रधार' या वास्तुग्रंथाचे साहाय्य होते. हा ग्रंथ गणपतिशास्त्री यांनी संपादिला आणि १९२४–२५ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. माळव्याच्या परमार राजाचा ग्रंथ, केरळातला संपादक आणि मराठी राजाचा आश्रय, असा तो योग आहे. अलीकडे, २०१५ साली, ॲडम हार्डी यांनी हा ग्रंथ व भोजपूरच्या आकृती एकत्र ठेवून त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. रेषांखेरीज दगडांवर पाथरवटांनी केलेल्या खुणा आहेत. तेराशेहून अधिक खुणांची नोंद झाली आहे. कोठे त्रिशूळ, कोठे चक्र, कोठे नुसतीच चौकट. क्नोसॉसच्या पाट्यांवर जशी मेंढरांची मोजदाद, तशी येथे ही हातांची मोजदाद. वाटाड्याने या खुणांकडे बोट दाखविले नाही. त्याचा दोष नाही. कोणी प्रवासी त्याविषयी विचारीत नाही.

आता, देऊळ भोजाचे कशावरून? मेरुतुंगाचा 'प्रबन्धचिन्तामणि' चौदाव्या शतकाच्या आरंभीचा. भोज एक नवे भोजस्वामीचे देऊळ बांधणार होता व त्याचे पुण्य त्याने माघ कवीस देऊन टाकले, असे त्यात आहे. पण माघ हा भोजाच्या तीनशे-साडेतीनशे वर्षे आधीचा. तेव्हा तो पुरावा फार ताणता येत नाही. अधिक भरवशाची गोष्ट देवळात नाहीच. जवळच एक जैन मंदिर आहे, तेही अपुरे राहिलेले. तेथे वीस फुटांच्या आसपास उंचीची शांतिनाथाची मूर्ती उभी आहे, आणि तेथील एका मूर्तीच्या पादपीठावरील लेखात भोजदेवाचे नाव येते. एवढ्या अवाढव्य शिवालयाच्या कर्त्याचे नाव शेजारच्या जैन पादपीठाने सांभाळावे, ही इतिहासाची तऱ्हा! आमच्या कार्यक्रमपत्रिकेत हे मंदिर नव्हते. वाटाड्याने आपणहून आम्हांस तेथे नेले.

देऊळ अपुरे का राहिले याची उत्तरे पुष्कळ दिली गेली आहेत: युद्ध, द्रव्याचा तुटवडा, छत चढविताना झालेला अपघात. मला त्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न, की ते बांधावयास घेतले कशासाठी? कृष्णदेव व मधुसूदन ढाकी यांनी रचनेच्या वैशिष्ट्यांवरून असे मत मांडले, की हे मृताच्या स्वर्गारोहणासाठी उभारलेले स्मृतिमंदिर असावे. ढाकींना सापडलेल्या एका त्रुटित वास्तुग्रंथात अशा देवळास नेहमीचे वक्र शिखर न देता पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत जाणारे छत द्यावे, असे सांगितले आहे. आणि भोजपूरच्या खडकावरील आकृतीत तसे छत आहे. हे स्मारक कोणाचे? किरीट मंकोडी यांनी भोजाचा पिता सिंधुराज अथवा चुलता मुंज यांच्याकडे बोट दाखविले आहे.

मुंजाचे नाव येताच ही कथा आपल्या गोदाकाठी येऊन थांबते. मुंजाने कल्याणीच्या तैलपाशी वारंवार युद्धे केली. गोदावरी ओलांडू नका, असे त्याच्या वृद्ध मंत्र्याने, रुद्रादित्याने, परोपरीने विनविले होते, असे मेरुतुंग सांगतो. मुंजाने ती ओलांडली, तो पकडला गेला आणि दहाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत शत्रूच्या मुलखात त्याचा वध झाला. बंदिवासातील मुंज आणि मृणालवती यांच्या कहाणीने पुढच्या कवींना पुष्कळ खाद्य पुरविले. त्यात खरे किती आणि रंगविलेले किती हे निवडणे कठीण. तथापि परमारांचा एक विद्याव्यासंगी राजा दक्षिणेत अपमानाचे मरण मेला, हे निश्चित आहे. मंकोडी यांचा तर्क खरा असेल तर भोजपूरचे हे देऊळ गोदावरीच्या तीरावर घडलेल्या एका घटनेचे उत्तर ठरते. मी तर्क म्हणतो. सिद्धान्त म्हणावयास अद्याप आधार अपुरा आहे. परंतु मराठवाड्यातून येथे येऊन स्थायिक झालेल्या आमच्यातील दोघातिघांना हे सांगितले, तेव्हा ते पुन्हा एकदा आत जाऊन आले.

आणि मग तो प्रसंग आला, ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. देवळाच्या जोत्यावरून वाटाड्याने बेतवेच्या दरीकडे हात केला आणि म्हणाला, "हे सगळं तळं होतं." कोणी तरी हसले. पाहण्यासारखे काही नव्हते. शेते, झाडी, खाली गढूळ नदी. सहलीच्या पत्रिकेत 'तलाव' असा शब्द नव्हता. देऊळ, पडकी देवळे, गुंफा असे तीन वेगवेगळे प्रेक्षणीय पदार्थ होते, एखाद्या ताटात वाढल्यासारखे. माझे म्हणणे असे आहे, की भोजपूरचे सर्वांत थोर स्मारक ते नसलेले तळेच आहे, आणि ते वगळल्यामुळे उरलेली सारी स्मारके एकमेकांपासून तुटली आहेत.

डब्ल्यू. किंकेड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८८ साली 'इंडियन ॲन्टिक्वेरी'त मध्य भारतातील अवशेषांविषयी लिहिताना या तळ्याची हकीकत प्रथम विद्वानांपुढे ठेवली. डोंगरांनी वेढलेल्या या दरीस दोनच फटी होत्या, एक सुमारे १०० यार्डांची व दुसरी ५०० यार्डांची. त्या बांध घालून बुजविल्या होत्या. मध्ये माती आणि दोहों अंगांस चुन्याशिवाय बसविलेल्या प्रचंड शिळा, अशी त्यांची घडण. धाकटा बांध ४४ फूट उंच व तळाशी ३०० फूट रुंद. थोरला २४ फूट उंच आणि माथ्यावर १०० फूट रुंद. जादा पाण्यास वाट देण्यासाठी सांडवा खडकातून कापून काढला होता, आणि तोही बांधापासून दूर, म्हणजे वाहत्या पाण्याचा धक्का बांधास लागू नये. मेंदुआ गावाजवळ या बांधकामाचे अवशेष आजही आहेत. तळ्याचा विस्तार अडीचशे चौरस मैल होता, असा आकडा त्या वेळेपासून सर्वत्र दिला जातो. हा आकडा मला उदार वाटतो. भोपाळच्या दोन्ही तळ्यांची मिळून २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून नोंद झाली, त्यांचे क्षेत्र सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. अडीचशे चौरस मैल म्हणजे त्याच्या वीसपट. पातळ्या मोजल्याखेरीज तो आकडा पाठ्यपुस्तकांत लिहू नये. बांध मात्र खरे आहेत. त्यांच्या शिळांवर हात ठेवता येतो.

वाटाड्याने त्यानंतर जी गोष्ट सांगितली, ती थोड्याफार फरकाने किंकेडनेही नोंदविली आहे. राजा भोजाला असाध्य व्याधी जडली. ३६५ ओढ्यांचे पाणी ज्यात येते अशा तळ्यात स्नान केले तर ती बरी होईल, असा उपाय निघाला. बेतवेच्या खोऱ्यात माणसे धाडून ओढे मोजले. ते भरले ३५९. सहा उणे! तेव्हा कलिया नावाच्या गोंड नायकाने एक लपलेली नदी दाखविली, तिचे ओढे मिळून संख्या पुरी झाली, आणि त्या नदीस त्याचे नाव पडले: कलियासोत. राजांच्या व्याधी आणि पवित्र पाणी यांच्या कथा पुष्कळ असतात, हे खरे. भोजाच्या बाबतीत तर कल्हणाने 'राजतरंगिणी'त सांगितलेच आहे, की त्याने पद्मराज नावाच्या तांबोळ्यामार्फत सोने पाठवून काश्मिरात कपटेश्वर येथील कुंड बांधून घेतले, आणि मुख धुण्यासाठी तेथील तीर्थ काचेच्या घटांतून मागविण्याचा त्याचा नेम होता. व्याधीची कथा अशाच कशातून तरी वाढली असावी. पण सहा ओढ्यांचे काय? बेतवेचे पाणलोट क्षेत्र एवढे तळे भरावयास अपुरे होते, म्हणून दुसऱ्या खोऱ्यातले पाणी वळवून आणावे लागले, हे तळ्याची रचना पाहणाऱ्यांचे मत आहे. भोपाळचे मोठे तळे ज्या कोलांस नदीवर बांध घालून झाले, ती नदी मुळात हलालीस मिळत असे; बांध घातल्यावर तिचे जादा पाणी भदभद्याच्या वाटेने कलियासोतीत जाऊ लागले. जी गोष्ट जलशास्त्राच्या भाषेत 'पाणलोट अपुरे, शेजारचे पाणी वळविले' अशी सांगावी लागते, तीच गोंडांच्या स्मृतीने 'सहा ओढे उणे, एका गोंडाने नदी दाखविली' अशी सांभाळून ठेवली.

म्हणून पांडवांची कथा व कलियाची कथा एकाच पारड्यात टाकता येत नाहीत. पहिली कोणत्याही अपुऱ्या देवळाला चिकटते; अशी देवळे महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि सगळीकडे कोंबडा आरवतो. दुसरी फक्त येथेच सांगता येते. तिला या दरीचा उतार माहीत आहे. लोककथा ऐकताना ती कोणत्याही गावी चालली असती काय, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ निवाडा होतो. तळ्याच्या अंताविषयीची गोंडांची परंपरा मात्र मला या कसोटीवर अर्धीच उतरलेली दिसते: बांध फोडावयास होशंगशहाच्या सैन्याला तीन महिने लागले, तळे रिकामे होण्यास तीन वर्षे, आणि तळाची जमीन तीस वर्षे वस्तीस अयोग्य राहिली. तीन, तीन आणि तीस या संख्या कथेच्या आहेत. तरीही तीस वर्षांच्या चिखलाची आठवण कल्पनेतून उगवलेली वाटत नाही. त्या चिखलाशी ज्यांना झगडावे लागले असेल, त्यांनीच ती ठेवली असावी. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या सुलतानाने बांध विध्वंसाच्या भरात फोडला की सुपीक जमिनीच्या लोभाने, हे दरबारी तवारिखांपेक्षा त्या जमिनीच्या महसुलावरून अधिक कळेल, असे मला वाटते.

आशापुरी आम्ही घाईत पाहिली. भूतनाथाच्या तळ्याकाठी प्रतिहार-परमार काळातल्या अनेक देवळांची जोती व शिल्पे आहेत, त्यांना एक दिवस द्यावयास हवा होता. दुपारी भीमबेटका. चढावर एका गृहस्थांनी उत्साहाने सांगितले, की तळे होते तर हे त्यातले 'भीमबेट' असणार. मराठी कानाला हा मोह स्वाभाविक आहे. परंतु नाव 'भीमबैठका' याचा अपभ्रंश आहे, आणि जागा डोंगरावरची; बेट येथे नाही. मंडीदीपच्या द्वीपाविषयी बोलतानादेखील ही सावधगिरी विसरू नये. तेथे नावाला बांधांची साक्ष आहे, म्हणून ते विचारार्ह ठरते.

किंकेडने १८८८च्या त्याच लेखात भीमबेटकाचाही उल्लेख केला आहे. आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवर विसंबून त्याने ते बौद्ध स्थान मानले. चित्रांकडे विद्वानांचे लक्ष जावयास आणखी एकोणसत्तर वर्षे लागली. नीमच येथे १९१९ साली जन्मलेले, उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर १९५७ साली याच लोहमार्गाने प्रवास करीत असताना खिडकीतून दिसलेल्या शिळांच्या आकारांनी वेधले गेले आणि शोध घेत येथवर आले. १९७०नंतरच्या दशकात त्यांनी व पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वीरेंद्रनाथ मिश्र यांनी येथे उत्खनने केली; २००३ साली हे स्थान जागतिक वारशाच्या यादीत गेले. भोपाळ ते इटारसी हा लोहमार्ग १८८४ पासूनचा. त्याचा काही भाग जुन्या तळ्याच्या तळावरून जातो, असे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील गॅझेटियरकारांनी नोंदविले आहे. म्हणजे वाकणकरांच्या गाडीने त्या दिवशी एक प्राचीन स्थळ पायाखालून घातले आणि दुसरे खिडकीतून दाखविले.

पाहण्याच्या या व्यवहारात चूक किती सहज होते, याचे उदाहरण भीमबेटकाच्या प्रवेशाजवळील प्रशस्त गुंफेतच आहे. २०२० सालच्या मार्चात येथे आलेल्या भूशास्त्रज्ञांच्या एका मंडळीला छताजवळ पानासारखी आकृती दिसली. पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या 'डिकिन्सोनिया' नामक जीवाचा तो अवशेष आहे, असे २०२१ साली एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे दुसरे शास्त्रज्ञ तेथे गेले, तेव्हा ते आग्या मोहोळाचे वाळलेले पोळे निघाले. पहिल्या संशोधकानेही मोकळेपणाने चूक मान्य केली. वाटाड्याला ही हकीकत ठाऊक होती. "मोठे लोकसुद्धा फसतात, गुरुजी," तो इतिहासाच्या प्राध्यापकांकडे पाहत म्हणाला, आणि सकाळच्या स्मिताची फेड झाली.

परतीची वाट औबेदुल्लागंज व मंडीदीपवरून होती. मंडीदीपला गाडी चहासाठी थांबली. द्वीपाचा मागमूस शोधावा म्हणून मी थोडा फिरलो. कारखान्यांच्या भिंती, मालमोटारी आणि नव्या इमारती. जमिनीचा चढ कोठे आहे आणि उतार कोठे, हेदेखील आता घरांमुळे कळत नाही. मेंदुआचा बांध निदान दगडाचा आहे. गावाच्या उंचसखलपणाला कोणी स्मारक मानीत नाही, आणि तळ्याचा काठ कोठवर होता हे सांगणारा पुरावा तोच. दर वर्षी तो थोडा थोडा सपाट होत आहे. पातळ्या मोजावयाच्या असतील तर त्या लवकर मोजल्या पाहिजेत. भूगोलाच्या अध्यापकांना एका सुट्टीत होण्याजोगे हे काम आहे.

मंडीदीप सोडल्यावर थोड्याच वेळात कलियासोतीचा पूल आला. नदी दुथडी वाहत होती. त्या सकाळी भदभद्याचे दरवाजे उघडल्याची बातमी गाडीत सर्वांना ठाऊक होती. मराठी माणसाला भोपाळचे ते मोठे तळे आठवते ते १७३७ सालच्या डिसेंबरामुळे. बाजीरावाने कोंडलेल्या निजामउल्मुल्काने त्याच तळ्याच्या आडोशाने तळ दिला होता. पण आम्ही त्या क्षणी पाहत होतो ते त्या तळ्यातून ओसंडलेले पाणी, जे एका बांधामुळे आपली मूळ वाट सोडून या वाटेने येत होते. ज्या तळ्यासाठी ते वळविले, असे म्हणतात, ते तळे जाऊन सहाशे वर्षे होत आली. पाण्याला ते कोणी कळविलेले नाही.

बाईंनी विचारले, "हे पाणी पुढे कुठं जातं?"

"भोजपूरला, ताईजी," वाटाड्या म्हणाला. "सकाळी आपण उभे होतो, तिथंच बेतवेला मिळतं."

अकरा मैलांच्या चौकात तो उतरला. त्याला त्याच रस्त्याने घरी जावयाचे होते.